बसलेलं माप

मास्तरांनी आयुष्यात कुणाला एक धडा शिकवला नव्हता, पण शिंपी म्हटला की तो मास्तरच. चारचौघांत बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. चौतीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खिडकीशेजारी बसून त्यांनी फक्त पुरुषांच्या पँटी शिवल्या. शर्टाचं काम ते घ्यायचे नाहीत. "शर्ट काय, कुणीही शिवेल. पँट बसली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत त्याच्या कमरेचा आकडा त्यांच्या डोक्यात तयार असे. टेप लावायचा तो समोरच्याच्या समाधानासाठी. टेप दिसला की माणूस छाती काढून ताठ उभा राहतो आणि पोट आत घेतो. ते आत घेतलेलं पोट जमेला धरून मास्तर दोन बोटं जास्त सोडायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

दुकान खाली, घर वर. थोरली मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि एका वाहतूक कंपनीत गाड्यांच्या वेळा लावायचं काम करायची. धाकटा तेवीस वर्षांचा, इलेक्ट्रिशियन. शाळा संपली तेव्हा मास्तरांनी त्याला मशीनवर बसवून पाहिलं होतं. "दिवसभर एका जागी बसून राहणं माझ्याच्याने होणार नाही," असं सांगून तो तिसऱ्या दिवशी उठून गेला. पुढे जे झालं त्यानंतर हे वाक्य घरात कुणी तोंडातून काढलं नाही.

झालं ते असं. एका गोदामाच्या छपरावर तो दिव्यांची वायर ओढत होता. पत्रा समजून त्याने ज्यावर पाय दिला ती उजेडासाठी बसवलेली प्लॅस्टिकची शीट निघाली. खाली अठरा फुटांवर सिमेंटची जमीन. हात शाबूत, डोकं शाबूत, पण पाठीचा खालचा मणका चुरला आणि आतला मज्जारज्जू चेपला गेला. ऑपरेशन झालं, मणक्याला पट्ट्या आणि स्क्रू लागले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला खोलीत बोलावून कमरेखाली हालचाल नाही, जाणीवही नाही, असं सांगितलं.

"चालायला कधी लागेल?" आईने विचारलं.

"तो बसायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ काही करायला लागेल. पण आपण बसण्यापासून सुरुवात करू."

आईने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मास्तरांनी मात्र नीट ऐकलं आणि त्या दिवसापासून ते हॉस्पिटलच्या खोलीत दाराच्या आत फारसे आलेच नाहीत. औषधं आणायची, रिपोर्ट आणायचे, डबा आणायचा, सगळं वेळच्या वेळी; पण उभे राहायचे ते दारात. हजारो परक्या पुरुषांच्या पायांना या माणसाने हात लावला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत टेप सोडताना त्यांना कधी संकोच वाटला नव्हता. चादरीखालच्या त्या दोन पायांना मात्र त्यांचा हात लागेना. आई पाय चोळायची, कुशीवर वळवायची, पुसायची. "तुम्ही नुसतेच खांबासारखे उभे," ती एकदा म्हणाली. मास्तर खाली जाऊन चहा घेऊन आले.

दीड महिन्याने धाकट्याला दुसऱ्या शहरातल्या पुनर्वसन केंद्रात जागा मिळाली. तिथला नियम असा की घरातल्या एका माणसाने सोबत राहायचं आणि सगळं शिकून घ्यायचं. आई बॅग भरून तयारच होती. पण पहिल्याच आठवड्यात पोराला उचलताना तिच्या पोटात कळ आली. तपासलं तर हर्निया. उचलणं बंद, ओढणं बंद. ताईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, उद्या सकाळची सातची गाडी आहे. मी जागा राखून ठेवलीय."

"दुकान?"

"दुकानाला काही होत नाही. त्याला कुलूप लावता येतं."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा दुकान सहा आठवडे बंद राहिलं.

केंद्रातल्या थेरपिस्ट बाई अंगाने एवढ्याशा होत्या, मास्तरांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या, पण आवाज असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाचा माणूस ताठ व्हावा. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय काम करता?"

"शिवतो. पँटी."

"मग हात कामाचे असतील. या, लावा हात."

मास्तर जागचे हलले नाहीत. बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि हात सरळ पोराच्या गुडघ्याखाली नेऊन ठेवला. "हा पाय आहे. जड आहे, कारण तो स्वतः काही मदत करत नाही. काचेचा नाही. धरा."

मास्तरांनी धरला. पाय गरम होता. हे, का कुणास ठाऊक, त्यांना अनपेक्षित होतं. इतके दिवस तो थंडगार असेल अशीच त्यांनी मनाशी समजूत करून घेतली होती.

मग शिकणं सुरू झालं. पलंगावरून खुर्चीत जाताना मध्ये एक गुळगुळीत फळी टाकायची आणि तिच्यावरून सरकायचं. खुर्चीचे ब्रेक आधी. पाय नंतर. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, कारण एका जागी भार राहिला की कातडी मरते आणि मरताना कळवत नाही. दर चार तासांनी लघवीसाठी नळी. ती सुरुवातीला नर्सने घातली, मग मास्तरांनी शिकून घेतली, आणि तिसऱ्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "बाबा, बाहेर थांबा. मी करतो." मास्तर दाराबाहेर उभे राहिले. अर्धा तास गेला. आतून दोनदा शिवी ऐकू आली. मग दार उघडलं, आणि "झालं" एवढंच तो म्हणाला. मास्तर म्हणाले, "बरं." दोघंही जेवायला गेले.

एकदा फळी घसरली आणि बापलेक दोघंही जमिनीवर आले. मास्तर खाली, धाकटा त्यांच्या अंगावर. कुणाला काही लागलं नव्हतं. पलीकडच्या पलंगावर एक लांबलचक तरुण होता, ट्रकमधून फेकला गेलेला. त्याला सगळे जिराफ म्हणायचे. त्याने बेल वाजवायच्या आधी शांतपणे विचारलं, "काका, पँट फाटली का?" मास्तरांना हसू फुटलं. छातीवर पोराचा भार, त्यामुळे धड हसताही येईना. धाकटाही हसायला लागला. छपरावरून पडल्यापासूनचं त्याचं ते पहिलं हसू, असं मास्तरांनी त्या रात्री फोनवर बायकोला सांगितलं. स्वतःचा खांदा सुजलाय, हे सांगितलं नाही.

घरी परतेपर्यंत ताईने आणि तिच्या नवऱ्याने दुकानाचा नकाशा बदलून टाकला होता. मागची कापडाची खोली धाकट्याची झाली. तिथेच संडास-बाथरूम काढून घेतलं, दार रुंद केलं, उंबरा तासला. कापायचं मोठं टेबल पुढे आलं, त्यामुळे दुकानात दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. भिंतीवर ताईने तक्ता लावला: नळी कधी, व्यायाम कधी, आरशात कातडी कधी तपासायची. "मी एकशे ऐंशी ट्रक वेळेवर सोडते," ती भावाला म्हणाली, "तू कोण लागून गेलास?"

सकाळचे सहा ते आठ मास्तरांचे. पाय ताणायचे, घोटे फिरवायचे, बाथरूमचं उरकायचं. या दोन तासांत दोघांचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या तेवीस वर्षांत झालं नसेल, आणि ते बहुतेक क्रिकेट, वायरिंग आणि आईचा स्वभाव या तीन विषयांवर. आई मात्र ऐकत नव्हती. केंद्रातून बजावून सांगितलं होतं, त्याला जे येतं ते त्यालाच करू द्या. तरी ही पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी नेऊन धरायची. "हात आहेत मला," तो म्हणायचा. "माहीत आहे," ती म्हणायची आणि पेला तसाच धरून ठेवायची.

पाच महिन्यांनी धाकट्याच्या मित्राने मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. उद्घाटनाला याला बोलावलं. घरात तो ढगळ पायजमे घालायचा. "तिथे मी पायजम्यात जाणार नाही," तो म्हणाला. "बाबा, आधी शिवायचात तशी पँट शिवा. अगदी तशीच."

मास्तरांनी कपाटातलं चांगलं जाड कापड काढलं. जुनं माप होतंच. दोन दिवस खपून त्यांनी पँट शिवली, मागे दोन खिसे, खिशांना बटणं, शिवणी दुहेरी. खुर्चीत बसल्यावर पुढे तिचा चोळामोळा होत होता, पण धाकटा खूश होता. जुने मित्र भेटले, गप्पा रंगल्या, चार तास कसे गेले कळलं नाही. त्या चार तासांत त्याने किती वेळा अंग उचललं, ते त्यालाही आठवत नव्हतं. बहुधा एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा धरला तर बुडाच्या उजव्या बाजूला एक लाल ठिपका. दाबला तरी फिका पडेना. गोल, कडा स्पष्ट, मध्ये चार बारीक खुणा. मास्तरांनी तो पाहिला मात्र, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्या हाताने लावलेलं बटण ते ओळखणार नाहीत तर कोण?

चार दिवसांत तिथे जखम झाली. मग सात आठवडे पालथं झोपणं. खुर्ची बंद, व्यायाम निम्मा, रोज नर्स येऊन पट्टी बदलणार. हातांत आलेली सगळी ताकद पुन्हा उतरणीला लागली.

आई जिन्यातच बोलली. "लोकांच्या पँटी बसवण्यात जन्म गेला, आणि घरच्या पोराला..." पुढचं तिने गिळलं.

आतल्या खोलीतून पालथ्या पडलेल्या धाकट्याचा आवाज आला. "आई, मी अंग उचललं नाही. मला सांगून ठेवलं होतं. त्यांचं काय आहे त्यात?"

"तू गप्प पड," आई म्हणाली.

"पडलोच आहे."

मास्तरांनी ती पँट उसवायला घेतली. एकेक शिवण उसवून त्यांनी तुकडे टेबलावर मांडले आणि बराच वेळ पाहत बसले. जिथे माणूस बसतो नेमकं तिथे सगळं जाड होतं: खिशाचं दुहेरी कापड, मधली शिवण, बटण. उभ्या माणसाला ते शोभतं. चौतीस वर्षांत त्यांनी जी जी मापं घेतली ती सगळी उभ्या माणसांची, आणि माणसं तर निम्मा दिवस बसूनच असतात. हे त्यांना कधी सुचलं नव्हतं याचंच त्यांना नवल वाटलं.

जखम भरली आणि धाकटा खुर्चीत आला, त्या दिवशी ते टेप घेऊन त्याच्यासमोर खाली बसले.

"सरळ बस."

"सरळच बसलोय."

"पोट आत घेऊ नकोस."

"बाबा, ते आता घेताच येत नाही."

"मग तर माप पक्कं येईल," मास्तर म्हणाले आणि टेप लावला.

पहिली पँट फसली. मागून खाली घसरली. दुसरी मागे उंच केली तर पायात आखूड पडली आणि नडग्या उघड्या. तिसरी दिसायला ठीक होती, पण ती कुठे टोचते का, हे कसं कळणार? ज्याला घालायची त्याला जाणीवच नाही. मास्तर दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी स्वतःच्या मापाची तशीच एक पँट शिवली, धाकट्याला सकाळी म्हणाले, "आज दुपारपर्यंत पलंगावर बसून व्यायाम कर, खुर्ची मला दे," आणि खुर्चीत बसून मशीनसमोर आले.

"हे काय?" आईने विचारलं.

"त्याला लागत नाही, म्हणून मला लागलं पाहिजे," ते म्हणाले आणि बॉबिन भरायला लागले.

दीड तासाने त्यांना मधली शिवण बोचायला लागली. दोन तासांनी कमरेचा पट्टा पोटात रुतला. ते खडूने पँटीवरच खुणा करत राहिले. तेवढ्यात एक निवृत्त कॅशियर आपली पँट सैल करून घ्यायला आले. त्यांनी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि विचारलं, "कधी झालं?"

"सकाळी," मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष खुणेकडे होतं.

कॅशियरसाहेब पँट तशीच घेऊन गेले. सुतावरून स्वर्ग गाठायला लोकांना कितीसा वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत मास्तरांना झटका आल्याची बातमी गावभर झाली. मेहुण्याचा रडवेला फोन आला. तीन शेजारणी आईला धीर द्यायला आल्या आणि समोर मास्तर जिन्यावरून उतरताना पाहून काहीशा हिरमुसल्या होऊन परत गेल्या. धाकटा आत उशीत तोंड खुपसून हसत होता.

पाचवी पँट जमली. मागे उंच, पुढे उतरती, बुडाखाली एकही शिवण नाही, मागचा खिसा गायब. त्याऐवजी मांडीवर एक, हात सहज जाईल असा. चेन लांब, नळीला सोयीची. आणि पाहणाऱ्याला वाटावं, साधीच पँट आहे. तपासणीला गेले तेव्हा थेरपिस्ट बाईंनी ती उलटी करून शिवण-न्-शिवण बोटाने चाचपली. "आणखी शिवाल?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी वर्षभरात चौदा शिवल्या. जास्त घेतल्या नाहीत, कारण प्रत्येक माणूस वेगळा बसतो आणि न बघता शिवायला ते तयार नव्हते. जिराफाची शिवली तेव्हा एका पँटीला दोघांचं कापड लागलं.

त्याच जिराफाने नोकरीची बातमी आणली. केंद्राच्या शहरात विजेची पॅनेल बनवणारा एक कारखाना होता. टेबलावर बसून वायरी जोडायचं काम, आणि धाकट्याचा हात त्यात तयार. तळमजल्यावर एक खोली पाहून ठेवली होती, दोघांना पुरेल अशी. धाकट्याने जेवताना हे सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

"तिथे तुझं कोण करणार?"

"मी."

"पुन्हा जखम झाली तर?"

"आरसा आहे. फोन आहे. जिराफ आहे."

"तो काय करणार? तोसुद्धा खुर्चीतच."

"म्हणून तर त्याला कळतं."

आईने मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही बोला काहीतरी."

मास्तरांना बोलायचं पुष्कळ होतं. सकाळी सहाला उठून त्या खोलीत जायचं नाही, तर मग करायचं काय, हा पहिला प्रश्न त्यांच्या मनात आला होता, आणि तो प्रश्न पोराचा नसून आपला आहे हेही त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "जाऊ दे त्याला."

आई चार दिवस दोघांशीही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने ताईच्या तक्त्याची स्वच्छ अक्षरात नक्कल केली आणि धाकट्याच्या बॅगेत घातली. त्याला तो तोंडपाठ होता, हे तिला माहीत होतं.

दोन महिने मास्तरांनी कळ काढली. मग एका रविवारी, न कळवता, पिशवी घेऊन बसमध्ये बसले. दार जिराफाने उघडलं. खोलीत पसारा होता, भांडी ओट्यावर, एका खाटेवर वायरींची भेंडोळी. मास्तर हात मांडीखाली घेऊन बसून राहिले, नाहीतर ते आवरायला धावले असते. धाकटा बाजारातून आला, मांडीवर भाजीची पिशवी. खांदे रुंद झाले होते. दाराशी पायरीएवढा चढ होता. त्याने चाकांना एक हिसका दिला आणि वर आला. मास्तरांचे हात आपोआप पुढे गेले होते. ते त्यांनी मागे घेतले.

त्याने चहा केला, बरा केला. कामाचं सांगितलं, मुकादम चिडका आहे म्हणाला. आई बोलते का, विचारलं.

"बोलते. तुझ्याबद्दलच बोलते."

चार वाजले. मास्तरांनी सहज म्हणून म्हटलं, "आज राहीन म्हणतो."

"कुठे झोपाल? दोनच खाटा आहेत," धाकटा म्हणाला. "साडेपाचची गाडी आहे. पावणेपाचला निघू, मी स्टँडपर्यंत येतो."

म्हणजे जायला सांगितलं. मास्तर गाडीत बसले आणि दोन थांबे जाईपर्यंत रुसून राहिले. मग त्यांना झोप लागली, आणि ती अशी लागली की स्वतःचा थांबा मागे पडून शेवटच्या डेपोत कंडक्टरने उठवलं. जावई स्कूटर घेऊन आणायला गेला. घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"कसा आहे?"

"हाकललं मला त्याने," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली. "म्हणजे बरा आहे," ती म्हणाली आणि जेवण गरम करायला गेली.

पुढच्या महिन्यात ती स्वतः जाऊन आली. तिलाही त्याने राहू दिलं नाही, पण बसवलं ते साडेसातच्या गाडीला. दोन तास जास्त. हे ती मास्तरांना अजून ऐकवते.